वरच्या माळाची नोंद

पौषातल्या एका सकाळी कपाटातून स्वेटर काढला. सांगलीत थंडी म्हणावी तशी पडत नाही. नदीकाठच्या गल्ल्यांत पहाटे धुके उतरते, नऊच्या सुमारास विरते, आणि स्वेटर घालावा की नाही या विचारातच निम्मा हिवाळा निघून जातो. यंदा मात्र घातला. डाव्या बाहीत मनगटापाशी काहीतरी टोचले. उलटून पाहिले तर लोकरीत रुतलेले एक कुसळ होते. करड्या रंगाचे, मधोमध गुडघ्यासारखे वाकलेले, खालच्या भागाला दोरीसारखा पीळ. तीन वर्षे आणि बहुधा तितक्याच धुण्यांतून ते तिथे टिकून राहिले होते.

कुसळी गवताच्या बियांची ही रचना मला पदव्युत्तर अभ्यासात शिकवली गेली होती. कोरड्या हवेत कुसळ पीळ घट्ट धरून बसते. ओल लागली की पीळ सुटू लागतो, कुसळ स्वतःभोवती फिरते आणि टोकाशी असलेले बी मातीत शिरवते. मी ते ओट्यावर ठेवले आणि चहाच्या चमच्याने एक थेंब पाणी सोडले. काही क्षण काहीच झाले नाही. मग ते हलले. घड्याळाच्या काट्याहून सावकाश नाही, पण पाहणाऱ्याने संयम ठेवला तरच दिसावे इतक्या गतीने ते अर्धा वेढा फिरले. 'बघ, बघ' असे मी मोठ्याने म्हणाले. घरात कोणी नव्हते. आई-बाबा दादाकडे पुण्याला राहायला गेल्याला आता दीड वर्ष होईल.

त्या स्वेटरात मी एक संपूर्ण हिवाळा घालवला होता.

वडूजच्या पूर्वेला, जिथे खटाव तालुका संपून माणची हद्द सुरू होते, तिथल्या एका गावाला जैवविविधतेची नोंदवही करायची होती. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नोंदवही म्हणजे गावात कोणते गवत, झाड, पक्षी, किडा, कोणत्या जातीची ज्वारी आणि कोणत्या जातीची मेंढी आहे याचे गावानेच केलेले दप्तर. त्यासाठी ग्रामपंचायतीने सात गावकऱ्यांची समिती नेमलेली असते. या समितीला हुकूम काढता येत नाही. तिला फक्त सांगता येते: हे आमच्याकडे आहे, हे जपा, इथे खोदू नका, तिथे खोदले तरी चालेल. पंचायतीने ऐकायचे की नाही, हा पंचायतीचा प्रश्न. वनस्पतिशास्त्र शिकलेली म्हणून मला चार महिन्यांसाठी त्या समितीच्या मदतीला पाठवले होते. मी वडूजला एक खोली घेतली होती आणि रोज सकाळच्या एसटीने गावात जात असे.

सल्ला देणाऱ्या समित्यांविषयी माझे मत तेव्हा फारसे चांगले नव्हते. ज्या यंत्राचा कोणत्याच चाकाशी दात जुळत नाही, ते कशाला फिरवायचे, असे मला वाटे. ते मत पहिल्याच बैठकीत डळमळले.

बैठक समाजमंदिराच्या अंगणात, उन्हात भरायची. लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, मधे एक टेबल, टेबलावर माझे भिंग आणि वह्या. अध्यक्ष होते सुभेदार आबा. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती, पण ते हजेरी उभे राहून घेत.

"हिराबाई!"

"हाय की. म्होरंच बसलीया, दिसत न्हाई व्हय?"

"दिसतं. पर जाबसाल झाला पायजे. 'हजर' म्हणायचं."

"हजर, बाबा, हजर. आता बंदूक देताय का झाडू?"

सगळे हसले. सुभेदार आबा हसले नाहीत. त्यांनी हजेरीपटावर नीटस खूण केली आणि पुढचे नाव पुकारले. पण ओठांच्या कडेला काहीतरी हलले ते मी पाहिले.

हिराबाई म्हणजे समितीवरच्या धनगर सदस्य. गाव त्यांना हिराक्का म्हणे. पन्नाशी ओलांडलेली, उंच, कपाळावर गोंदण, उजव्या गुडघ्याला फडके बांधलेले. त्या भागातले मेंढपाळ दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरतात, कोकणाकडे चराईला जातात आणि ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर, परत येतात. अक्कांचे मालक आणि दोन्ही मुलगे गेलेले होते. गुडघ्यामुळे त्या मागे राहिल्या होत्या, लंगडी मेंढरे आणि उशिरा जन्मलेली कोकरे घेऊन.

त्या दिवशी मी माळावरून आणलेली गवताची एक पेंढी टेबलावर ठेवली आणि नाव विचारले. एक शेतकरी सदस्य, तात्या, ठामपणे म्हणाले, "पवन्या."

अक्कांनी पेंढी उचललीसुद्धा नाही. "तुमच्या बैलाला इचारा, तात्या. त्यो बी हसंल. मारवेल हाय ती."

"आवं, मी काय काल जन्मलो का? माझ्या बांधावर हीच हाय."

"बांधावर असंल. पर तुमी कवा तिला हात लावलाय? कापाया गडी, टाकाया गडी." मग त्यांनी एक काडी ओढून घेतली, पेरावर अंगठा फिरवला आणि काडी माझ्यापुढे धरली. "ह्यो बघा. लव लागती हाताला. पवन्याचं पेर गुळगुळीत."

मी भिंग लावले. पेरावर पांढऱ्या केसांचे कडे होते. जे लक्षण मला ओळखसूचीच्या चौथ्या पायरीवर सापडले असते, ते त्या अंगठ्याला पाठ होते. तात्यांनी काडी हातात घेतली, दोनदा अंगठा फिरवला आणि म्हणाले, "लव हाय खरी. पर मग बांधावरची कंची म्हणायची?" आणि ते दुपारी बांधावरची काडी घेऊन परत आले. सत्तरीचा माणूस स्वतःच्या बांधावर काय उगवते हे पाहायला आयुष्यात पहिल्यांदा वाकला होता. हुकूम काढून हे घडवता आले असते असे मला वाटत नाही. समितीचे काम बहुधा एवढेच असावे: जे रोज दिसते त्याच्याकडे सात जणांनी एकाच वेळी पाहणे, भांडणे, आणि भांडणातून जे उरेल ते लिहून ठेवणे.

त्या हिवाळ्यात लोक मला रस्त्यात थांबवून खिशातून पाने काढून दाखवत. शाळेतून येणाऱ्या मुली पक्ष्यांची नावे सांगत. शाळू पोटरीतून बाहेर पडला होता, कणसात दाणे भरत होते, आणि कोणत्याही शेतातून हाक आली की हुरडा खाल्ल्याशिवाय सुटका नसे. शेणीच्या आरावर भाजलेले कणीस हातावर चोळताना उठणारी ती हिरवट, धुरकट वाफ. लसणाच्या चटणीने जिभेला लागलेली आग. बोटांच्या रेषांत बसलेली काजळी. ग्रामसेवक भाऊसाहेब दर शुक्रवारी विचारत, "मॅडम, किती पाने झाली?" आणि मी सांगे. पानांची संख्या माझ्यासाठीही महत्त्वाची होती. एका संशोधन संस्थेत मी अर्ज केला होता, मुलाखत चैत्रात होती, आणि 'पूर्ण केलेली नोंदवही' एवढे तीन शब्द मला पंचायतीच्या प्रमाणपत्रावर हवे होते.

संध्याकाळी पाचच्या एसटीने खोलीवर परतायचे. वडूजच्या त्या खोलीत एक टेबल, एक बल्ब, दाबून वाळवायला ठेवलेल्या नमुन्यांची चळत. माणसांनी भरलेला दिवस दारात संपे. दिवसभर इतक्या जणांनी नावाने हाक मारली की संध्याकाळी शांतता अधिकच ऐकू येई. हे मी तेव्हा थकवा म्हणून नोंदले होते.

गावाच्या वर, चढण संपते तिथे, वरचा माळ होता. गायरानाचा तो सर्वांत उंच भाग. गावात मोबाईलला रेंज नव्हती. रेंज फक्त तिथे, एका दगडांच्या ढिगापाशी. गाव त्याला 'रेंजचा दगड' म्हणे. अक्का रोज चारच्या सुमारास दुखऱ्या गुडघ्याने तो चढ चढत. ढिगाशेजारी बसून कोकणातून मालकांचा फोन येण्याची वाट पाहत. त्यांना स्वतःहून फोन लावता येत नसे असे नाही. पण तिकडे कळप कोणत्या दरीत असेल, कोण मोकळे असेल, हे इकडून कळणार कसे? म्हणून त्या फक्त हजर राहत. कधी फोन येई, कधी येत नसे. मी पाहणीसाठी वर गेले की आम्ही दोघी तिथे बसत असू, त्या फोन हातात धरून, मी वही मांडीवर घेऊन.

"तुमचा कुणाचा येत न्हाई का फोन?" त्यांनी एकदा विचारले.

"रविवारी येतो. आईचा."

"आन बाकीचं दीस?"

"बाकीचे दिवस काम असतं, अक्का."

त्यांनी भाकरीचा अर्धा तुकडा माझ्यापुढे केला. त्यानंतर त्यांनी मला 'मॅडम' म्हणणे सोडले.

वरच्या माळावर त्या दिवसांत खरोखरच काही नव्हते. माघाचे ऊन, मुरूम, पायाला लागणारी कुसळे, अधूनमधून एखादा चंडोल. मी चौकटी आखून सगळा माळ पद्धतशीर तपासला. वाळलेल्या काड्यांवरून गवताच्या दोन जाती कशाबशा ओळखता आल्या. बाकी रकान्यांत मी एकाखाली एक 'आढळ नाही' लिहीत गेले.

"काय लिवतीस?"

मी वाचून दाखवले.

अक्का हसल्या. "पोरी, ह्या दिसात माळ बघाया आलीस व्हय? आत्ता त्यो निजलाय. भादव्यात ये. गवात मांडीला लागतंय. खरपुडी येती, बारका येल, कंदिलावानी फूल. आमची पोरं कंद उकरून खात्यात. टिटवी आंडी घालती ती पार चैतात. आत्ता कोण हाय हितं? तू आन मी."

"मग मी तसं लिहू शकत नाही, अक्का. मी पाहिलेलं नाही."

"म्या पाहिलंय की."

"नोंद पाहणाऱ्याची असते. नमुना लागतो."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

माझ्या त्या उत्तरात तर्काची चूक नव्हती. आजही मी ते कोणत्याही परीक्षकापुढे सिद्ध करून दाखवीन. चूक त्याच्या शेजारी होती. शून्य आणि रिकामा रकाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. 'मोजले आणि काही आढळले नाही' ही एक नोंद. 'मोजण्याचा हा ऋतू नव्हता' ही दुसरी. मला फक्त एक ओळ लिहायची होती: पावसाळ्यात पुन्हा पाहणी आवश्यक. ती लिहिली असती तर नोंदवही अपूर्ण राहिली असती. प्रमाणपत्रावर ते तीन शब्द आले नसते. मी ती ओळ लिहिली नाही.

आणि नोंदवही करण्याची वेळ अशी का ठरली होती? शेतकरी सदस्यांना पावसाळ्यात सवड नसते. मार्चअखेर कागद वर पोचवायचे असतात. म्हणून बैठका हिवाळ्यात. म्हणजे जी माणसे माळ ओळखतात ती कोकणात असताना, आणि जो माळ ओळखायचा तो मातीखाली असताना. कोणाच्याही मनात कपट नव्हते. सगळ्यांनी आपापल्या सोयीने गाव मोजले, आणि जे गाव त्या वेळी हजर नव्हते ते मोजणीतून सुटले.

फाल्गुनात शेवटची बैठक झाली. पंचायतीकडे सौरऊर्जा प्रकल्पासाठी गायरानाची मागणी आली होती. जागा दोन: गावालगतचा खडकाळ उतार किंवा वरचा माळ. पंचायतीने समितीचा सल्ला मागितला होता. गावाला आतापर्यंत कोणी काही विचारले नव्हते. त्या दिवशी विचारले होते, आणि सुभेदार आबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. माझा प्रकल्पाला विरोध नव्हता, आजही नाही. उतारावर मुले क्रिकेट खेळत आणि शाळूची खळी होत, म्हणून बहुतेकांचा कल वरच्या माळाकडे होता.

भाऊसाहेबांनी नोंदवही उघडली. "मॅडमच्या पाहणीनुसार वरच्या माळावर 'आढळ नाही', 'आढळ नाही', 'आढळ नाही'. सगळीकडे तसंच आहे. म्हणजे तिथे अडचण नाही."

"तिथं मेंढरं चरत्यात पावसाळाभर," अक्का म्हणाल्या.

"ते तोंडी झालं, हिराबाई. कागदावर काय आहे ते पाहायचं."

अक्कांनी माझ्याकडे पाहिले. "पोरी, सांग की. पावसात येतंय म्हून सांग."

सहा चेहरे माझ्याकडे वळले. मी म्हणाले, "मी हिवाळ्यात जे पाहिलं ते लिहिलं आहे."

वाक्य पूर्ण खरे होते. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत काटेकोर वाक्य असावे. भाऊसाहेबांनी 'सर्वानुमते' लिहिले. अक्कांनी सही केली. त्यांना फक्त नाव लिहिता येई, आणि ते लिहायला त्यांना वेळ लागे. 'हिराबाई' ही चार अक्षरे पूर्ण होईपर्यंत सगळे थांबले. मी टेबलावरचे भिंग डबीत ठेवत होते.

संशोधन संस्थेत माझी निवड झाली नाही. तो या लेखाचा विषय नाही.

भाद्रपदात मी सांगलीत होते, माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला. आजही तिथेच आहे. एका दुपारी अनोळखी क्रमांकावरून फोन आला. "मॅडम, वडूजच्या गाडीचा कंडक्टर बोलतोय. डबा हाय तुमचा. स्टँडवर या, गाडी परत सुटंल." श्रीखंडाचा रिकामा डबा होता तो, सुतळीने बांधलेला. झाकणावर बॉलपेनने, फौजी वळणाच्या अक्षरांत: 'पाठवणार हिराबाई. जागा वरचा माळ. दिवस गौरी जेवणाचा.' आत ओल्या फडक्यात मातीसकट एक कंद, त्याला बोटभर वेल, आणि वेलावर एकच फूल, तळाशी फुगीर, वर निमुळते, टोकाशी पाच पाकळ्या एकमेकींना चिकटून झालेला चिमुकला पिंजरा. कंदील. प्रवासात जरासे मलूल झाले होते, पण ओळखण्यात शंका नव्हती.

कोणी, कुठे, केव्हा. नमुना ग्राह्य धरायला हेच तीन तपशील लागतात. मी अक्कांना ते कधी वेगळे समजावून सांगितले नव्हते. नमुना लागतो, एवढेच म्हणाले होते. बाकीचे सुभेदार आबांनी आठवून भरले असावे; बैठकांत मी तेच तेच बोलत असे.

मी वेल दाबून वाळवला, जाड कागदावर चिकटवला, खाली चिठ्ठी लावली. उत्तम नमुना तयार झाला. मग तो टेबलाच्या खणात ठेवला. फोन केला नाही. केला असता तर 'मिळालं' म्हणावे लागले असते, आणि त्यानंतर 'आता लिहिते' म्हणावे लागले असते, आणि मग हेही सांगावे लागले असते की एक ओळ तेव्हाही लिहिता आली असती. पाहिलेले नाही ते लिहिता येत नाही, असे मी त्यांना ऐकवले होते. आता पाहिले होते, आणि तरी लिहिले नाही. त्यानंतर दोन भादवे गेले.

एकटेपणाची कारणे शोधताना माणूस बाहेर पाहतो: शहर, नोकरी, पुण्याला गेलेले आई-बाबा. मी मात्र हळूहळू एका साध्या निष्कर्षाला आले आहे. ज्या ठिकाणी बोलणे हे आपले देणे होते तिथे आपण गप्प बसलो, की त्या ठिकाणाकडे जाणारी वाट बंद होते. आणि अशा वाटा मोजक्याच असतात.

स्वेटरातले कुसळ सापडले त्याच आठवड्यात सुभेदार आबांचा फोन आला. हा योगायोग आहे, मी त्याला अर्थ चिकटवत नाही. बाहेर हळद शिजवण्याचे दिवस सुरू होत होते. शहराच्या कडेने वारा आला की प्रयोगशाळेच्या खिडकीतून तो कडवट, मातकट वास आत येई.

"मॅडम, जय हिंद. नोंदवही नव्यानं तपासायची हाय. वरच्या माळाचा निम्मा भाग गेला, कुंपणाच्या तारा पडल्या. आता राहिलेला निम्मा बी मागत्यात. समितीला इचारलंय. तुमी येताय का? मेंबरं कमी पडत्यात."

"अक्का आहेत का?"

ते म्हणाले, "या तर खरं."

मी खणातून कागद काढला आणि गेले. अंगण तेच, खुर्च्यांचा लाल रंग उडालेला. तात्यांनी हुरड्याची कणसे आणली होती. मी येणार म्हणून आणली, असे म्हणाले, आणि मला खाली पाहावे लागले. सुभेदार आबा हजेरीला उभे राहिले.

"हिराबाई!"

कोणी उत्तर दिले नाही. त्यांना ठाऊक होते की उत्तर येणार नाही. तरीही त्यांनी नाव पुकारले, हजेरीपटात होते म्हणून.

मग त्यांनीच मला सांगितले. माळ निम्मा झाला, रेंजचा दगड तारांच्या आत गेला. लंगडी मेंढरे गावालगत किती राखणार? मागल्या दिवाळीला अक्कांनी ती विकली, आणि यंदा त्या गुडघ्याला फडके बांधून कळपाबरोबर कोकणाच्या वाटेला लागल्या.

मी नमुन्याचा कागद टेबलावर ठेवला. भाऊसाहेबांनी चिठ्ठी वाचली. "हे तर दोन वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हाच का नाही दिलंत?"

"तेव्हा दिलं नाही."

"पण का?"

"माझी नोंदवही चुकीची ठरली असती म्हणून."

तात्या कणीस चोळत होते, ते थांबले. मग सुभेदार आबा म्हणाले, आवाजात राग नव्हता, म्हणून अधिक लागले: "हिराबाई लय दिवस इचारायची. मॅडमचा फोन आला का, आबा? डबा पोचला का?"

मी ठराव सुचवला: वरच्या माळाची पाहणी भाद्रपदात, चराईला गेलेली मंडळी परतल्यावर, त्यांना बरोबर घेऊन पुन्हा करावी, तोवर समितीने सल्ला देऊ नये. तात्यांनी विचारले, "तवर पंचायत थांबंल का?" खरा प्रश्न होता. भाऊसाहेब म्हणाले, थांबेल असे सांगता येत नाही. समितीने कळवायचे, पुढचे पंचायत पाहील. ठराव झाला. नोंदवहीत जुन्या 'आढळ नाही' खाली मी लिहिले, 'पाहणीचा ऋतू अयोग्य होता', आणि सही केली. त्याखाली खरपुडी. नमुना देणार: हिराबाई.

शेवटी भाऊसाहेबांनी इतिवृत्त वाचून दाखवले. उपस्थितांची नावे झाली. "गैरहजर: हिराबाई."

"तसं लिहू नका," मी म्हणाले.

"मग काय लिहू? दोनच रकाने आहेत, मॅडम. हजर आणि गैरहजर."

"त्या चराईला गेल्या आहेत. ज्येष्ठात येतील."

"ते खरं, पण रकाना..."

सुभेदार आबा उठले. "भाऊसाहेब, पोस्टवर गेलेल्या जवानाला आमी गैरहजर लावत न्हाई. तसं लावलं तर त्यो पळाला असा अर्थ हुतो." त्यांनी बोट टेबलावर टेकवले. "लिहा. हिराबाई, ड्यूटीवर."

भाऊसाहेबांनी क्षणभर पेन धरून ठेवले. मग समासात, दोन्ही रकान्यांच्या बाहेर, लिहिले.

एसटीला वेळ होता. सुभेदार आबांकडून अक्कांचा क्रमांक घेतला आणि वर गेले. तारा चढणीच्या निम्म्यावरूनच सुरू होतात. आत निळ्या काचा एका दिशेला मान करून ओळीने उभ्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये, कोणी हलवायचा कंटाळा केला म्हणून, तो दगडांचा ढीग. बाहेरच्या निम्म्या माळावर मुरूम आणि वाळलेल्या काड्या. दोन पावलांत मोज्यांना कुसळे लागली. खाली कुठेतरी कंद असतील. दिसत काहीच नव्हते, आणि या वेळी मी काही लिहिले नाही.

तारेला अगदी चिकटून उभे राहिले की रेंजची एक काडी येते. मी फोन लावला. आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती संपर्कक्षेत्राबाहेर आहे, असे त्या परक्या बाईने दोनदा सांगितले. चार वाजले होते. कळप कोणत्या दरीत असेल, कोण मोकळे असेल, इकडून कसे कळणार? मात्र माझा क्रमांक तिकडे उमटला असेल तर फोन येऊ शकतो, आणि आला तर रेंज फक्त इथे आहे. म्हणून शेवटच्या एसटीची वेळ होईपर्यंत मी तिथेच, तारेला धरून, उभी राहिले.